डोक्याला बेतलेलं हेल्मेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू झाली आणि हेल्मेट घराघरात आलं. पण ते डोक्यावर कमी आणि आरशाला लटकलेलं जास्त दिसतं. कारण विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘बोचतं’ किंवा ‘हलतं’. डोक्याचं डिजिटल माप घेऊन हेल्मेट बसतं करण्याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

माझ्या डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर. दोन कंपन्यांची ‘मीडियम’ हेल्मेट घेतली. एकाने अर्ध्या तासात कपाळ ठणकतं, दुसरं कानशिलांवर आवळतं आणि पुढे-मागे झुलतं. माप चुकतंय का? (इंदिरानगर)

माप बरोबर आहे, पण ते अपुरं आहे. टेपने फक्त घेर कळतो, आकार कळत नाही. एक डोकं २०५ मिलिमीटर लांब आणि १५७ रुंद, दुसरं १९० लांब आणि १७२ रुंद, असं धरा. दोन्हींचा घेर ५७ सेंटीमीटरच्या आसपासच भरतो. पण लांबीत १५ मिलिमीटर आणि रुंदीतही १५ मिलिमीटर फरक आहे. आतली फोमची गादी एवढा फरक पोटात घेऊ शकत नाही. तुमचं पहिलं हेल्मेट तुमच्यापेक्षा गोल डोक्यासाठी आहे, दुसरं लांबट डोक्यासाठी. तुम्ही या दोघांच्या मधले आहात.

घरच्या घरी मोजायचं तर भिंतीला डोक्याचा मागचा उंचवटा टेकवून ताठ बसा. भुवयांच्या मधोमध सुताराचा गुण्या टेकवा आणि भिंतीपासूनचं अंतर घ्या. ही झाली लांबी. रुंदी कानांच्या वर, जिथे सर्वांत जास्त भरेल तिथे घ्यायची. व्हर्नियर कॅलिपर इथे चालत नाही. त्याचे जबडे आखूड असल्याने टाळूला अडतात आणि सर्वांत रुंद जागेपर्यंत पोचत नाहीत. लेथवाल्यांकडचा मोठा बाकदार आउटसाइड कॅलिपर उत्तम. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणा. वरच्या दोन डोक्यांसाठी ही संख्या ७७ आणि ९१ येते. ७५ च्या खाली लांबट डोकं, ८० च्या वर गोलसर. ही संख्या घेऊन दुकानात जा आणि कंपनी बदलून बघा. योग्य आकाराचं शेल, म्हणजे बाहेरचं कवच, मिळालं तर स्कॅनिंगचा खर्चच वाचतो, आणि निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटाव्यात असं आम्हाला वाटतं.

अंबडला माझं वर्कशॉप आहे. कास्टिंगच्या रिव्हर्स इंजिनिअरिंगसाठी, म्हणजे तयार ओतीव भागावरून त्याचं ड्रॉइंग काढायला, स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर (वस्तूवर पट्टेदार प्रकाश टाकून तिचा आकार टिपणारं यंत्र) घेतला आहे. त्यावर डोकं स्कॅन करून ग्राहकाच्या हेल्मेटसाठी मापाच्या गाद्या करून द्यायच्या आहेत. पद्धत सांगा. (अंबड)

यंत्र पुरेसं आहे, किंबहुना गरजेपेक्षा जास्त अचूक आहे. अडचण येते ती केसांची, डोक्याच्या कलण्याची आणि डोकं हेल्मेटमध्ये नेमकं कुठे बसतं हे ठरवण्याची.

केसांवर पातळ नायलॉनची घट्ट टोपी घाला. काळी किंवा चकचकीत नको. त्यावरून प्रकाश नीट परतत नाही आणि स्कॅनला भोकं पडतात. फिक्या रंगाची घ्या आणि तिच्यावर मार्करने वेडेवाकडे ठिपके काढा, म्हणजे सॉफ्टवेअरला तुकडे जोडायला खुणा मिळतात. चेहऱ्यावरच्या खुणांसाठी महागडे स्टिकर लागत नाहीत. पाच-सहा मिलिमीटरच्या साध्या टिकल्या चालतात, फक्त खडा किंवा चमक नसलेल्या घ्या. एक भुवयांच्या मध्ये, एकेक दोन्ही कानांच्या भोकापुढे, एकेक डोळ्यांखालच्या हाडाच्या कडेवर आणि एक नाकाच्या दांड्यावर. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी पातळी आडवी ठेवून डोकं सरळ करायचं, हा मानवमापनातला जुना नेम. तो पाळला नाही तर प्रत्येक ग्राहकाचं डोकं वेगळ्या कलाने फाइलमध्ये येतं आणि मग कपाळाची गादी हमखास चुकते.

ग्राहकाला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा, समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला खूण करा आणि तिच्याकडे बघायला सांगा. एक फेरी भुवयांच्या उंचीवरून, दुसरी वरून तिरकी. एक मिनिटात उरकलं पाहिजे; त्यापुढे मान हलतेच. मग कॅलिपरने लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजा आणि स्कॅनशी ताडून पाहा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर स्कॅन पुन्हा घ्या. कुणी मोबाइलच्या फोटोंवरून मॉडेल बनवत असेल, तर ही तपासणी अनिवार्य आहे. नुसत्या फोटोंना खरं माप कळत नाही. शेजारी १५० मिलिमीटरची स्टीलची पट्टी ठेवून तिच्यावरून प्रमाण द्यावं लागतं.

दुसरा स्कॅन हेल्मेटच्या आतला. मूळ गाद्या काढा आणि थर्माकोलचं अस्तर उघडं करा. खोल भांड्यासारखी जागा असल्याने स्कॅनरला बाजूच्या भिंती एका दमात दिसत नाहीत. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे घ्या आणि बाहेरच्या कडेवरच्या खुणांनी जोडा. इथे एक सवय मोडा. कास्टिंगवर तुम्ही जो पांढरा डेव्हलपर स्प्रे मारता, तो थर्माकोलवर मारायचा नाही. त्यातला द्रावक अस्तर खाऊन टाकतो. थर्माकोल तसाही पांढरा आणि मंद असतो. फारच लागलं तर टाल्कम पावडर भुरभुरा.

तिसरा स्कॅन बहुतेक जण विसरतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. डोकं एका फाइलमध्ये, हेल्मेट दुसऱ्या फाइलमध्ये. दोघांचा एकमेकांशी संबंध काय? अंदाजाने डोकं आत सरकवलं की पाच मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. त्यासाठी ग्राहकाला मूळ गाद्यांसह हेल्मेट घालायला लावा, योग्य उंचीवर बसवा, पट्टा आवळा आणि त्या अवस्थेत पुढून स्कॅन घ्या. काचेच्या खिडकीतून नाकावरची, भुवयांमधली आणि डोळ्यांखालची टिकली दिसते, शेलवरच्या खुणाही दिसतात. टिकल्यांवरून डोक्याचा स्कॅन जुळवा, शेलवरून हेल्मेटचा. आता दोन्ही एकाच जागेत आले.

मेशलॅबमध्ये स्कॅनची त्रिकोणी जाळी साफ करा आणि क्लाउडकंपेअरमध्ये डोकं ते थर्माकोल हे अंतर रंगांनी काढा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. साधारण ६ ते १६ मिलिमीटर अंतर असेल तर गादीने काम होतं. कुठे ४ मिलिमीटरच्या खाली गेलं तर ते शेलच लहान आहे, मोठं घ्यायला सांगा. सगळीकडे २० च्या वर असेल तर एक नंबर लहान.

जाडी ठरवताना फोम दबतो हे धरा. कपाळ आणि बाजूंना फोम त्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याने दबलेला असावा. म्हणजे अंतर ९ मिलिमीटर असेल तर ९ भागिले ०.७५, म्हणजे १२ मिलिमीटरचा फोम. टाळूवर दाब कमी, जाडीच्या सुमारे १५ टक्केच. गालांना थोडा जास्त चालतो. ३ आणि ५ मिलिमीटरचे पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे थर नकाशावरच्या उंचीरेषांप्रमाणे कापून एकमेकांवर बसवा आणि कडा तिरप्या छाटा. पायरी राहिली तर ती तासाभरात कपाळावर उमटते. एका फुल-फेस हेल्मेटला सात तुकडे होतात : कपाळ, दोन कानशिलं, टाळू, मागची बाजू, दोन गाल. हवेच्या भोकांवर गादी येऊ देऊ नका. शिलाईसाठी ८ ते १० मिलिमीटर मोकळं ठेवा.

तुकड्यांचे कागदी नमुने छापताना प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र गुपचूप तीन-चार टक्के लहान करतो. म्हणून प्रत्येक पानावर १०० मिलिमीटरची रेघ ओढा आणि छापल्यावर मोजा. पीयू फोम लेझरवर कापू नका, धूर विषारी असतो. सुरी किंवा कात्रीच बरी. टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या जाळीदार गाद्या थ्रीडी प्रिंटरवर होतात आणि हवाही खेळती राहते. पण ८५ ते ९५ शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायची पट्टी) कडकपणाची तार, १० ते १५ टक्के गायरॉइड (लाटांसारख्या जाळीचं) भरण आणि बाहेरची भिंत शून्य, असं ठेवलं तरच त्या मऊ लागतात. पावसाळ्यात ती तार दमट होते. छापण्याआधी ५० ते ५५ अंशांवर चार-सहा तास वाळवली नाही तर जाळीत फोड आणि धागे येतात. भरीव प्लॅस्टिकचा ठोकळा मात्र कधीही घालू नका. आदळताना तोच कवटीत घुसतो.

चिकटवायला चपलांचा किंवा रबराचा गोंद वापरू नका, त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो. वेलक्रोची मागून ॲक्रिलिक गोंद लावलेली पट्टी घ्या, किंवा मूळ गाद्यांची बटणंच वापरा.

देण्याआधी ग्राहकाला अर्धा तास हेल्मेट घालून बसवा. काढल्यावर कपाळावर एकसारखी फिकट लाली चालते, एका जागी गडद डाग चालत नाही. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी बरोबर सरकली पाहिजे. पट्टा बांधून मागची कड वर आणि पुढे ओढा. हेल्मेट निघालं तर काम अपुरं आहे. गादी फार जाड झाली तर हेल्मेट वर चढून बसतं आणि पट्टा अचानक आखूड वाटतो. ही खूण लक्षात ठेवा, कारण ग्राहक ‘घट्ट बसलंय, छान’ म्हणून निघून जातो. नवा फोम वापराने थोडा बसतोच. पंधरवड्याने परत बोलवा आणि २ मिलिमीटर फोमची पट्टी हाताशी ठेवा.

कायद्याचं इतकंच : दुचाकीच्या हेल्मेटवर आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्ह १ जून २०२१ पासून बंधनकारक आहे. तुम्ही शेल, थर्माकोल आणि पट्टा यांना हात न लावता फक्त आरामाची गादी बदलता आहात. बिलावर तसंच लिहा. ‘आयएसआय कस्टम हेल्मेट’ असा बोर्ड लावलात तर तो खोटा दावा होईल.

दुकानदार म्हणाला, कानशिलाला लागतंय तिथलं थर्माकोल चमच्याच्या पाठीने दाबून देतो, दोन मिनिटांचं काम. करून घेऊ का? (नाशिकरोड)

नको. ते थर्माकोल आरामासाठी नाही, आदळताना चिरडलं जाण्यासाठी आहे, आणि ते एकदाच चिरडलं जातं. चमच्याने दाबलेली जागा म्हणजे त्या ठिकाणी अपघात आधीच होऊन गेला.

थोडं गणित बघा. युरोपातल्या जुन्या ईसीई २२.०५ चाचणीत (आता तिची जागा २२.०६ ने घेतली आहे) हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी २७ किलोमीटरने आपटायचे आणि आतल्या नकली डोक्याचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींच्या आत राहावा लागायचा. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत नेमका २७५ पट धक्का ठेवून थांबवता आलं, तरी थांबायला किमान १०.४ मिलिमीटर अंतर लागतं. प्रत्यक्षात धक्का हळूहळू चढतो, म्हणून अंतर त्याच्या दुपटी-तिपटीने लागतं. शिवाय थर्माकोल पूर्ण सपाट होत नाही. साधारण दोन तृतीयांश दबलं की ते दगडासारखं होतं. म्हणून अस्तर ३०-४० मिलिमीटर जाड असतं. त्यातले पाच मिलिमीटर कानशिलाशी गेले, म्हणजे जिथे कवटीचं हाड सर्वांत पातळ आहे नेमकी तिथेच उशी संपते.

आत मऊ फोम कितीही घातला तरी ही तूट भरत नाही. फोम धक्का शोषत नाही, हेल्मेट जागेवर धरून ठेवतो. इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने थर्माकोल ‘बसवणारे’ही आहेत, त्यांनाही हेच उत्तर. हेल्मेट बदलून मागा.

लांबच्या सायकलिंगसाठी पूर्ण हेल्मेटच स्कॅनवरून छापून घ्यावं असा विचार आहे. फायदा खरा की शौक? (गंगापूर रोड)

सायकलच्या बाबतीत फायदा खरा आहे. कारण सायकलचं हेल्मेट हलकं आणि उघडं असतं, गालांना गादी नसते, सगळी पकड डोक्यामागे चकती फिरवून आवळायच्या पट्ट्यावर असते. डोक्याचा आकार जुळला नाही तर तो पट्टा आवळावा लागतो आणि कसाऱ्यापर्यंत जाऊन यायच्या आत डोकं दुखायला लागतं. परदेशात ब्रिटनमधल्या हेक्सरने एरंडेलापासून बनणाऱ्या पॉलिअमाइड ११ या प्लॅस्टिकची मधाच्या पोळ्यासारखी रचना, स्कॅन केलेल्या डोक्याप्रमाणे लेझरने पावडर जोडत छापली. अमेरिकन फुटबॉलमध्ये रिडेलने प्रिसिजन-फिट नावाने स्कॅनवरून आतल्या गाद्या बेतून दिल्या. तंत्र शक्य आहे, हे सिद्ध झालेलं आहे.

अडचण चाचणीची आहे. युरोपचं ईएन १०७८ प्रमाणक हेल्मेट सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटरने आणि फुटपाथच्या कडेसारख्या कोनावर ४.५७ मीटरने आपटतं; मर्यादा गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट. चाचणीत हेल्मेट मोडतं. प्रत्येक ग्राहकाचं वेगळं, तर तुमचंच मोडून कसं पाहणार? म्हणून उत्पादकाने आपल्या मापांच्या टोकांचे नमुने, सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि सर्वांत पातळ अस्तराचा, तपासून मधल्यांची खात्री द्यायची असते. नाशिकात कुणी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए हे साधं छपाईचं प्लॅस्टिक वापरून ‘हेल्मेट’ छापून देत असेल तर ते शोभेचं आहे. पीएलए साधारण ६० अंशांनाच नरम होतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या हेल्मेटला ते तापमान फार दूर नाही. शिवाय ते दबण्याऐवजी तडकतं.

आमचा सल्ला : चाचणी झालेलं, आकाराने जवळचं हेल्मेट घ्या आणि कपाळाची गादी तेवढी बेतून घ्या. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केल्यापासून आपल्याकडे लांब पल्ल्याची हौस वाढली आहे. बारा-चौदा तास डोक्यावर राहणाऱ्या वस्तूवर खर्च करायला हरकत नाही. फक्त पुरावा मागा. चाचणीचा अहवाल दाखवत नसतील तर पैसे देऊ नका.

आमच्या कारखान्यातील कामगारांची डोकी स्कॅन करून सेफ्टी हेल्मेट बेतून घ्यावीत का? (सातपूर)

गरज नाही. कारखान्यातल्या आयएस २९२५ च्या हेल्मेटची रचनाच वेगळी आहे. तिथे शेल डोक्याला टेकत नाही. आतल्या पट्ट्यांची झोळी ते अधांतरी धरते. वरून पाना पडला तर ती मोकळी जागाच वाचवते. तिथे मापाची गादी भरलीत तर संरक्षण घटेल. पावसाळ्यात कामगार त्या पोकळीत रुमाल, मोबाइल, तंबाखूची पुडी ठेवतात. ते आधी थांबवा. चकती फिरवून आवळायचा पट्टा, बदलता येणारी घामपट्टी आणि उंचीवर काम करणाऱ्यांना हनुवटीचा पट्टा, एवढ्यात प्रश्न सुटतो. फारच वेगळ्या मापाचं एखादं डोकं असेल तर त्याच्यापुरतं मोठं मॉडेल मागवा.

केस लांब आहेत, चष्माही आहे. स्कॅनला जाताना आणि नंतर काय पाळू? (पंचवटी)

रोज जसे केस बांधून गाडी चालवता तसेच बांधून जा. अंबाडा मानेशी खाली घालत असाल तर तसाच. वर घालत असाल तर ती सवय बदला, कारण अंबाड्यासाठी जागा केलेली गादी म्हणजे केस मोकळे सोडल्या दिवशी सैल हेल्मेट. सैल वेणी सर्वांत सोयीची. जाड केसांचा दबलेला थर दोन ते पाच मिलिमीटर भरतो, तेव्हा स्कॅननंतर केस फार कमी केलेत तर गादी पुन्हा लावावी लागेल. तेल लावलेल्या दिवशी जाऊ नका, टोपी सरकते.

चष्मा स्कॅनच्या वेळी काढा, पण ‘हेल्मेट घालून’ घेतल्या जाणाऱ्या स्कॅनला घाला. गालाच्या गादीत काडीसाठी कानशिलाकडे चार-पाच मिलिमीटरची चर ठेवायला सांगा. ही चर फोममध्ये, थर्माकोलमध्ये नव्हे.

चेहऱ्याची फाइल दुकानात राहते, तिचं काय, असंही तुम्ही विचारलंय. गादीसाठी डोळे-नाक-तोंड हा भाग लागत नाही. तो फक्त जुळवणीपुरता लागतो. काम झाल्यावर तो भाग कापून उरलेली फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि मूळ स्कॅन तुमच्यासमोर पुसायला लावा.

तीन वर्षांच्या मुलासाठी मापाचं हेल्मेट करून मिळेल का? (मखमलाबाद)

करू नका. या वयात घेर वाढतोच आहे. आज बेतलेलं उद्या आवळेल. लहान मुलांच्या मापाचं, मागे फिरवायचा पट्टा असलेलं हलकं हेल्मेट घ्या. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला जोडलेला पट्टा बंधनकारक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कपाळावर एक बोट जातं का पाहा.

मापाच्या गाद्या पावसात भिजतात, कुबट वास येतो. धुता येतात का? आणि हेल्मेट बदललं तर त्या नव्यात चालतील का? (देवळाली कॅम्प)

धुता येतात. बेबी शाम्पू किंवा सौम्य साबणाचं कोमट पाणी, हाताने दाबून. पिळायचं नाही, मशीनमध्ये टाकायचं नाही. पंख्याखाली सावलीत वाळवा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस लागतात, म्हणून कपाळाच्या गादीचा दुसरा संच करून ठेवणं शहाणपणाचं. ती सर्वांत आधी भिजते आणि सर्वांत आधी बसते. डोक्याचं तेल फोमला आणि गोंदाला दोघांनाही मारतं. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधत असाल तर माप तो रुमाल बांधूनच द्या. शेल पुसायला पेट्रोल किंवा थिनर नको. पॉलिकार्बोनेटला न दिसणारे तडे जातात.

नव्या हेल्मेटमध्ये गाद्या चालतील, पण फक्त त्याच मॉडेलच्या त्याच शेलमध्ये. ‘मीडियम’चं ‘लार्ज’ केलंत तर दोन शक्यता आहेत. काही कंपन्या तेच शेल ठेवून फक्त गादी बदलतात, तेव्हा काहीच अडत नाही. काहींचं शेल आणि थर्माकोल दोन्ही बदलतं, मग नव्या आतल्या बाजूचा स्कॅन घ्यावा लागेल. डोक्याचा जुना स्कॅन मात्र पुन्हा वापरता येतो, तेव्हा तो पेन ड्राइव्ह जपून ठेवा. आणि हेल्मेट बदलण्याचं कारण जर ते डोक्यासकट आदळलं हे असेल, तर गाद्या काढून घ्या, शेल मात्र कुणाला देऊ नका. पट्टा कापून मगच टाका, नाही तर ते भंगारातून पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर जाईल.